दुसरी शेगडी

"तिरफळां खंय ठेवलंस गो?" सुगंधाने स्वयंपाकघरातून हाक मारली.

"खालच्या फळीर, आई. सोलांच्या बाजूक," पडवीतून सुनेचं, भक्तीचं उत्तर आलं.

होतीच तिथे. हात पुढे केला की सापडतील अशी. आणि त्यानेच सुगंधाचा गोंधळ वाढला.

भक्ती अंगणवाडीत. सकाळी जायची ती दुपार टळल्यावर यायची, तोवरचं रांधप सुगंधाचं. आधी पीठ काढायचं तर स्टुलावर चढा, मीठ शोधायचं तर चार डबे उघडा. या आठवड्यात भक्तीने अख्खं स्वयंपाकघर उपसून नव्याने लावलं. तांदूळ, कुळथाचं पीठ, तेल, सगळं कमरेच्या उंचीवर. फिरकीच्या झाकणांचे डबे जाऊन नुसती टोपणं उचलायचे हलके डबे आले. जड टोप माळ्यावर गेले. स्वतःच्या घरात राबणं इतकं सोपं असू शकतं, हे सुगंधाला सत्तरीत कळलं. कौतुकाने ती काही बोलणार, तोच तिची नजर मागच्या दाराकडे गेली.

तिथे कोपऱ्यात दुसरी शेगडी मांडली होती. लहानशी, एका बर्नरची. शेजारी एक ताट, एक पेला, एक टोप. वर भिंतीला एक फळी.

आता वेगळी चूल म्हणजे काय, हे इथे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. भावाभावांचं बिनसलं की चूल वेगळी होते, सासूसुनेचं फाटलं की होते. मध्ये भिंत घालावी लागत नाही. धूर दोन जागी निघाला की गाव काय ते समजतं.

आणि ताट एकच. घरात माणसं तीन. नवरा-बायको तर एकत्रच जेवणार. मग उरलं कोण?

"ही शेगडी कोणाक गो?" सुगंधाने विचारलंच.

भक्ती पडवीतून आत आली. "आयतवारी सांगतंय, आई. तवसर तिका हात लावू नकात." आणि लगेच तिने सुगंधापुढे ऊन पेज ठेवली, वर तुपाची धार. "निवाच्या आधी जेवा बघू."

काय म्हणावं या बाईला! एका हाताने तूप वाढते, दुसऱ्या हाताने चूल वेगळी करते. सुगंधाच्या डोक्याचा पार भुगा झाला.

भक्ती कामाला गेल्यावर तिने तो कोपरा नीट पाहिला. वरच्या फळीला तिचा हात पोचेना. शेवटी काठीने डबा पुढे ओढून उघडला, तर आत लालभडक मसाला. नाकाला झोंबला. सुगंधाच्या पोटात अल्सर. भक्ती कालपर्यंत तिची आमटी बिनतिखटाची, निराळी काढत होती. आणि आता हे? "माका मारूक बघता की काय ही!" म्हणत ती पाटावर बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

संध्याकाळी सर्वेश, तिचा एकुलता एक, बोटीवरून परतला. पर्यटकांना समुद्रात फिरवायचा त्याचा धंदा. शेगडी पाहून तो जागीच थांबला.

"बघलंस, आये? मी सांगी होतंय ना? तुजी चूल वेगळी केल्यान."

"माजीच ती?"

"मगे आणि कोणाची?" तो जवळ बसला, आवाज उतरवून म्हणाला, "अपमान कित्याक सोसतंस? सावंतवाडेक ता ठिकाण बरा आसा. वेळेर जेवाण, डॉक्टर, तुज्या वयाच्या बायका. आयतवारी बघान ये. आवडला तर थंयच ऱ्हव. खोलीचा काय ता मी बघतंय."

वृद्धाश्रमाचं हे टुमणं त्याने कित्येक महिने लावलं होतं. दर वेळी सुगंधा म्हणायची, "ह्या उंबऱ्याभायर माजा मढाच जातला." आज तिच्याने तसं म्हणवेना. लेकाला तरी आपली कळकळ आहे, एवढंच तिला वाटलं. तिने मान डोलावली.

जेवणं झाल्यावर पडवीतलं बोलणं तिच्या कानावर पडलं.

"आयतवारची रिक्षा सांगलात?" भक्ती विचारत होती.

"सांगलंय."

"बरा."

बरा! एवढंच? ज्या पोरीला आपण मुलीसारखी मानली, तिला आपल्या जाण्याचं काहीच वाटू नये?

रविवारी बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. सर्वेशने आईची पिशवी उचलली. सुगंधा उठली, पण दाराकडे गेली नाही. तडक कोपऱ्यातल्या शेगडीपाशी गेली.

"थांब रे. माजी चूल मांडल्यात ना? मगे तिच्यार घोटभर चाय करून पितंय आणि जातंय."

"आये, उशीर होता!"

तिने काडी ओढली. भक्ती लगबगीने आत आली, फुंकर घालून काडी विझवली आणि सासूचा हात धरून तिला मोठ्या शेगडीपाशी आणलं. मग तिने नवऱ्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. लग्न झाल्यापासून तिने त्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं.

"तुमची चूल ही, आई, तुमची-माजी एकच," भक्ती म्हणाली. "ती सर्वेशची."