एकच प्रत

वृंदाने टेबलाखाली हात घातला. च्युइंगगमचा वाळका गोळासुद्धा जागच्या जागी होता. गेल्या महिन्यात ओहायोतल्या त्या ओस पडत चाललेल्या शहरात, शंभर वर्षांच्या वाचनालयात, तिनेच कानाकोपऱ्यांतून स्कॅनर फिरवला होता. छपराच्या दुरुस्तीसाठी मोजमाप हवंय, असं बचाव समितीने तिला सांगितलं होतं. त्यावरून यंत्रांनी इथे, तीस मैलांवरच्या नव्या वसाहतीत, वीट न् वीट तशीच इमारत छापली होती, टेबलखुर्च्यांसकट. आज तिचं उद्घाटन होतं.

"नक्कल झकास झालीय. आपल्या जुन्या छपराचं काम कधी काढायचं?" तिने विचारलं.

वाचनालय बचाव समितीचे अध्यक्ष मुकुंदराव टेंबे खिडकीबाहेर बघत राहिले. "वृंदाताई, कायद्याने वास्तूची एकच प्रत ठेवता येते. ही उभी राहिली, म्हणजे वास्तू वाचली. जुनी आज सकाळी पाडली."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"लोक इकडेच राहायला येतायत हो. माझंही घर ते काय, समोरच."

तेवढ्यात फोन वाजला. जुन्या गल्लीतली शेजारीण रूबी होती. तिच्याकडे गाडी नव्हती.

"वृंदा, मी पुस्तक परत करायला आलेय. इथे नुसतं मैदान दिसतंय. आपलं वाचनालय कुठे गेलं गं?"

'मी त्यातच उभी आहे,' हे वृंदाला सांगवेना.