हरवलेली नाही

काकूंनी फोन तिच्या नाकासमोर धरला, तेव्हा ती चष्म्याच्या काडीत स्क्रू बसवत होती. स्क्रू हातातून निसटला आणि टेबलाखाली कुठेतरी गेला.

"ही तूच ना गं?"

फोटो तिचाच होता. कुणाच्या तरी लग्नातला, छान हसतानाचा. शेजारचा माणूस कापून टाकला होता, पण तिच्या खांद्यावर त्याची चार बोटं राहून गेली होती. खाली तिचं खरं नाव. त्याखाली मजकूर: माझी पत्नी उन्हाळ्यापासून बेपत्ता आहे. तिच्यावर मानसिक उपचार सुरू आहेत. ती स्वतःला इजा करून घेते आणि दोष घरच्यांना देते. कुठे दिसली तर ओरडू नका, गोडीत घ्या, बसवून ठेवा आणि मला कळवा. तुमचा एक शेअर एक घर वाचवू शकतो.

हजारो लोकांनी ते घर वाचवायला घेतलं होतं.

काकू म्हणजे दुकानाच्या मालकीणबाई. नवरा गेल्यापासून चष्म्याचा धंदा त्या एकट्याच ओढत होत्या. दारात येऊन काम मागणाऱ्या या मुलीला त्यांनी फारसं काही न विचारता ठेवून घेतलं होतं, मागची खोलीही राहायला दिली होती.

"तू तर म्हणाली होतीस, नवरा वारला."

"खोटं बोलले, काकू. खरं सांगितलं असतं तर तुम्ही समजूत घालून मला परत पाठवलं असतं." तिने बाही वर सारली. "हा हात बघा. कोपरात सरळ होत नाही. जिन्यावरून पडले म्हणाले होते ना? नव्हते पडले."

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी त्या कोपरावरून हात फिरवला. मग फोन जवळ घेऊन मजकुरातली एक ओळ पुन्हा वाचली, आणि त्यांचा आवाज लहान मुलाला औषध पाजताना होतो तसा झाला.

"हो गं बाई, हो. तू बस बघू आधी. पाणी देऊ का?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं. त्याने सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. आता ती जे काही बोलेल, ते तिच्या आजारातच जमा होणार.

तिने फोन मागून घेतला. पोस्टखाली फुलं होती, जोडलेले हात होते, आणि अगदी वर एका शिक्षिकेने लिहिलं होतं: "या बाई आमच्या इथल्या चष्म्याच्या दुकानात असतात. परवाच त्यांनी माझ्या डोळ्यांचं माप घेतलं. इतक्या जवळून पाहिलंय, चूक होणं शक्य नाही. फार गोड मुलगी आहे." पुढे दुकानाचं नाव, पत्त्यासकट.

तिने तक्रार केली. न विचारता माझा फोटो टाकला आहे, माझा पत्ता उघड केला आहे, मला या माणसापासून धोका आहे. उत्तर लगेच आलं, इतकं लगेच की ते कुणी वाचलं असणं शक्यच नव्हतं. बेपत्ता व्यक्तीचा शोध घेणारी पोस्ट आमच्या नियमांत बसते. आपली सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे.

घर सोडल्यापासून बंद ठेवलेलं खातं तिने उघडलं आणि त्याच पोस्टखाली लिहिलं: मी हरवलेली नाही. माझ्या पायांनी निघून आले आहे. माझा नवरा मला मारतो. कृपा करून माझा पत्ता काढून टाका.

एवढं उघडपणे ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. क्षणभर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

मग उत्तरं यायला लागली. "ताई, डॉक्टरांचं ऐका." "तो बिचारा रडतोय आणि या बघा." "हिला कुणीतरी फितवलंय." एकीने लिहिलं, "माझा तुझ्यावर विश्वास आहे. निघ तिथून." त्या एकीवर लोक असे तुटून पडले, की बघता बघता तिचं वाक्यच दिसेनासं झालं.

त्यानंतर नवऱ्याने लिहिलं: "बोलली! जिवंत आहे माझी बायको. तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू? केव्हाच निघालोय. वाटेतच आहे."

ती उठली, पर्स उचलली. काकू दारात स्टूल टाकून बसल्या होत्या. त्यांना बाजूला सारून जाणं काही अवघड नव्हतं. पण काचेपलीकडे जो तो हातातल्या फोनात बघत चालला होता. दोन मुली थांबल्या. त्यांनी फोनकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि एकमेकींना खुणावलं.

"काकू, जाऊ द्या मला."

"या अवस्थेत कुठे जाशील, पोरी? तुझं काही बरंवाईट झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

ती तशीच उभी राहिली. पर्स हातातच होती.

तेवढ्यात ती शिक्षिका धापा टाकत आत आली. तिचे डोळे ओले होते. "देवासारख्या थांबलात हो," ती काकूंना म्हणाली. काकूंनी उठून पोरीच्या कपाळावर आलेले केस मागे सारले, ओढणी नीट केली. शिक्षिकेने फोन उंच धरला.

"जरा मान वर करा ना," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "त्यांचा व्हिडिओ कॉल आलाय. तुम्हाला नुसतं बघायचंय त्यांना."