शिवीआधी श्री

वीजबिलाच्या साइटने पुष्करला पुन्हा बाहेर ढकललं. पासवर्ड चुकीचा आहे म्हणे. तो तर कम्प्युटरने स्वतःच भरला होता.

त्याने साठवलेले पासवर्ड उघडले आणि डोळ्याच्या चित्रावर क्लिक केलं. ठिपक्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांत सलग मराठी उमटलं. ‘श्रीतुझ्यावाचूनकाहीअडलंनाही.’

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही सोय त्यानेच करून दिली होती. तो हिंगोलीत बियाण्यांच्या कंपनीत कारकून, भाड्याच्या एका खोलीत राहायचा. बायको केतकी जवळा बाजारला त्याच्या आईजवळ, गंगूताईंजवळ. घरची सगळी बिलं केतकी तिथून भरायची, माहेरहून आणलेल्या तिच्या कम्प्युटरवर. पुष्करने दोन्ही कम्प्युटर एकाच खात्याला जोडले. इकडे पासवर्ड बदलला की तिकडे आपोआप दिसायचा. पहिला पासवर्ड केतकीने ठरवला. दोघांची नावं जोडून, आधी श्री लावून. शेजारी बसून बघणाऱ्या गंगूताई खूश झाल्या. वर्षानुवर्षं हाताने लिहिलेलं रामनाम त्या आता सुनेकडून शिकून टाइप करायला लागल्या होत्या. सासूसुनेचं जमलं ते तेवढ्यापुरतंच.

बाकी रोजची धुसफूस. केतकीला हिंगोलीत नवऱ्यापाशी राहायचं होतं. “लग्न तुमच्याशी झालं, जवळा बाजारशी न्हाई,” असं ती दिवाळीत सासूसमोर बोलली. गंगूताईंनी डोळ्याला पदर लावला, आणि पुष्कर बायकोवर नको तेवढा ओरडला. तो हिंगोलीला परतला, आणि दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

“गेली रे बाबा माहेरी, कुरुंद्याला. सगळं उचलून गेली. मी म्हातारी तिला काय अडवणार?”

आणि आता हे! तोंडावर ‘अहो’ आणि इथे एकदम ‘तू’. वर शिवीलासुद्धा श्रीकार. फोन करून दोन शब्दांत विचारता आलं असतं. पण पुष्करने रागाच्या भरात तिचा नंबरच ब्लॉक केला, आणि त्याच चौकटीत टाइप केलं, ‘मगतिकडेचमर.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘श्रीआईलाचकुरवाळतबस.’

आईपर्यंत गेली? पुष्करने तिच्या सात पिढ्या काढल्या. तिकडून सव्वाशेर आलं. बिलं राहिली बाजूला, पासवर्डाची चौकट नळावरच्या भांडणाची जागा झाली. फरक इतकाच की इथे आवाज येत नव्हता आणि सोडवायला कुणी येत नव्हतं.

एकदा केतकीचे वडील राधाकृष्ण थेट ऑफिसात आले.

“जावईबापू, लेकरू फोन लावून लावून थकलं. काहून असं करून राहिले तुमी?”

“तुमच्या लेकीला विचारा. काय काय लिहून राहिली ते.”

“काय लिहिलं तिनं?”

“तिलाच विचारा.”

सासऱ्यांना साधा चहासुद्धा न पाजता त्याने वाटेला लावलं.

मात्र त्यांचा पडलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. माणूस कितीही तापला तरी कधीतरी निवतोच. स्टेशनजवळ दोन खोल्यांची एक जागा होती, स्वयंपाकघरात भरपूर ऊन येणारी. पुष्कर ती पाहून आला. कुणाजवळ बोलला नाही. नंबर उघडायला मात्र अभिमान आडवा आला. म्हणून परत आल्यावर त्याच चौकटीत लिहिलं, ‘दोनखोल्यापाहिल्याहिंगोलीलाये.’

दुसऱ्या दिवशी आई डबा घेऊन आली. केतकी गेल्यापासून दर आठवड्याला ती एस.टी.ने यायची. मीच येतो घरी, असं त्याने कितीदा म्हटलं होतं. “तू काहून तकलीफ घेतो? मी येऊन राहिले ना,” एवढंच तिचं उत्तर.

तिने त्याला समोर बसवून जेवू घातलं. मग खोलीभर नजर फिरवली.

“एकट्याला बास आहे रे ही. उगा मोठी जागा बघू नको.”

पुष्करला भरून आलं. जगात आपलं म्हणावं असं हे एकच माणूस, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने आईला स्टँडवर नेऊन गाडीत बसवून दिलं.

संध्याकाळी त्याने चौकट उघडली. उत्तर आलेलं होतं.

‘श्रीतुझीआईमेल्यावरयेईन.’

सकाळी तो वकिलाकडे गेला.

पुढचं सगळं कागदांनी केलं. केतकीने कुठेच भांडण केलं नाही. जिथे दाखवलं तिथे सही केली. पुष्करला तो तिचा माज वाटला. कोर्टात शेवटची तारीख झाली आणि नवरा-बायकोचं नातं संपलं.

बाहेर पायऱ्यांवर ती थांबली होती. राधाकृष्ण फाटकाजवळ ऑटो बघत होते.

“अजून काही लिहायचं राहिलं का?” पुष्करने विचारलं.

“मी काय लिहिणार? तुमी तर फोनच घेतला न्हाई.”

काय बेरकी बाई आहे, असं मनात म्हणत तो चालायला लागला.

“एक काम होतं,” ती मागून म्हणाली. “बाबा येऊन माझा कम्प्युटर घेऊन जातील, आईंना सांगून ठेवा. त्यांच्याच खोलीत आहे. त्यांचं रामनाम खंडू नये म्हणून मी जाताना नेला न्हाई.”