कच्चा माल

टेम्पो फाटकातून आत वळला तेव्हा तुळसाने कान दिला. आत काहीच खडखडलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला. परशुराम घाट उतरून, चिपळूण ओलांडून सोळा मडकी अलोऱ्यापर्यंत आली होती, आणि तीही न भाजलेली.

खेडजवळच्या तिच्या गावात आता आवा लागत नव्हता. मडकी रचून आवा पेटवणं हे तिच्या नवऱ्याचं, भिकूचं काम. माघात भिकूची उजवी बाजू गेली. ही सोळा मडकी त्याच्या आदल्या आठवड्यातली. चाळीस वर्षं त्याने चाक फिरवलं, पण जे भाजलं ते बाजारात गेलं. त्याच्या हातचं म्हणून घरात एवढंच उरलं होतं. अलोऱ्याला अक्षया नावाच्या बाईंची भट्टी होती. त्या भाजून द्यायला तयार झाल्या, तेव्हापासून भिकू रोज सकाळी विचारायचा, मडकी गेली का.

टेम्पो तुळसाने स्वतः भरला. खाली हातभर पेंढा, प्रत्येक मडक्याखाली चुंबळ, मध्ये जुनी लुगडी. टेम्पोवाला निलेश एरवी खेडच्या बाजारातली भाजी पोचवायचा. तिने त्याला बजावलं, काठाला धरायचं नाही, बुडाखाली दोन्ही हात घालायचे, खड्डा दिसला की गाडी मुंगीसारखी न्यायची. निलेश म्हणाला, बायकोला बाळंतपणाला नेली तेव्हासुद्धा सासूने एवढं सांगितलं नव्हतं. ती हसली नाही.

"कच्चा माल आहे रे बाबा," ती म्हणाली. "जपून ने."

मग तेजलला, लेकीला, भिकूजवळ बसवून ती एस्टीने पुढे आली होती.

आता निलेश घाम पुसत उतरला. घाटात सगळा वेळ गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, मागच्यांनी हॉर्न वाजवून शिव्या घातल्या, तरी एक गचका बसू दिला नाही, असं त्याने अक्षयाबाईंना सांगितलं. त्याने फाळका खाली सोडला. फळ्यांच्या फटींतून गढूळ पाणी गळत होतं.

"हे काय?" तुळसाने विचारलं.

"ऊन केवढं आहे, काकी. कच्चा माल म्हणालात ना, म्हणून वर ओली गोणपाटं टाकली. दोनदा थांबून पाणी मारलं. भाजीला पण मी एवढं करत नाय."

बाजारात कच्चा माल म्हणजे भाजी. कुंभाराच्या घरात तो म्हणजे न भाजलेलं मडकं, आणि त्याला पाणी लागू द्यायचं नसतं हे तिथे कुणी कुणाला सांगत नाही. तुळसानेही सांगितलं नव्हतं.

तिने गोणपाट उचललं. मडकी जागच्या जागी बसली होती. काठ आत दुमडले होते, पोटं खचली होती, चिखलात पेंढा रुतला होता. तिने एकाच्या बुडाखाली दोन्ही हात घातले. नुसती माती वर आली.

निलेशचा चेहरा पडला. "माती तीच आहे ना, काकी? परत होतील ना?"

तुळसाने मान डोलावली. माती परत मळता येते, ते काही खोटं नव्हतं. त्याला रागवायलाही तिच्याकडे काही नव्हतं. त्याने तिचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

पिशवीतला फोन वाजला. अक्षयाबाईंनी तो काढून तिच्या कानाला लावला. तिकडून तेजलचा आवाज आला, बाबांना बोलायचंय. मग भिकूचा जड, ओढत येणारा आवाज.

"फुटला काय गो येखादा?"

तुळसाच्या ओंजळीतून माती ठिबकत होती.

"नाय," ती म्हणाली. "येकपण फुटला नाय."