अकोल्यात तयार

"एक यंत्र जोडायला किती वेळ लागतो, ताई?" पाहणी समितीच्या साहेबांनी विचारलं.

"वीस मिनिटं, सर," आशाबाई म्हणाली. काल दिवसभर शेडच्या मालकानं, शेखरनं, तिच्याकडून घोटून घेतलेलं उत्तर होतं ते. हातातल्या सोल्डरगनचं टोक तिनं एका बाद सर्किटवर टेकवलं. धूर निघाला, फोटो निघाले. बोटाला चटका बसला, तरी बाईनं हूं की चूं केलं नाही.

"वऱ्हाड म्हणजे नुसती सरकी अन् सोयाबीन नव्हे, सर," शेखरनं आपलं पाठ केलेलं वाक्य टाकलं. साहेब हसले. अकोला-अमरावतीच्या टेक्नॉलॉजी क्लस्टरच्या यादीत तुमचं नाव पहिलं, असं सांगून ते गाडीत बसले आणि गाड्या दर्यापूरच्या रस्त्याला लागल्या.

यंत्रं होती मातीतला ओलावा मोजायची. पण ती इथं जोडली जात नव्हतीच मुळी. परराज्यातून तयार खोकी यायची आणि एमआयडीसीतल्या या शेडमध्ये पाच बाया त्यांच्यावर 'अकोल्यात तयार' असं लेबल चिकटवायच्या. पाहणी पास झाली की इथंच बनवू, असं शेखर त्यांना वर्षभर सांगत आला होता. सांगताना त्याला स्वतःलाही ते खरं वाटायचं, हीच तर गंमत.

बाकीच्या चौघीजणी चहाला गेल्या. आशाबाई स्टुलावरून उठली नाही.

"सायेब, झालं ना पास? मंग उद्या आचलले घेऊन येऊ का?"

आचल तिची मुलगी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरीवर बोलावलं होतं.

"तिले म्हनलं, पुण्याले जाऊ नको. आता अकोल्यातच यंत्रं बनतीन, मायलेकी संगं काम करू. आज सांजपर्यंत आचल त्याह्यले नाही म्हनून कळवनार हाय."

शेखरला पटकन 'हो' म्हणता आलं असतं. जिभेला सवय होती. पण नजर तिच्या बोटावर गेली. फोड टरारून आला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. सकाळीच वाटायला हवी होती.

"आशाबाई, यंत्रं बनवाले मलेच येत नाही. मी बियाण्याचा दुकानदार. हे खोकं आजवर उघडूनबी नाही पाह्यलं मी."

"म्हंजे तुमीबी निरं लेबलच लावून राह्यले?"

रागानं विचारलं असतं तर सोसलं असतं. तिनं साधंच विचारलं होतं.

आशाबाईनं आधी सोल्डरगनची पिन काढली, मग पिशवीतून मोबाइल.

"आचल, कळवलं का व तू त्याह्यले?... मंग नको कळवू. पुण्यालेच जाय."

पलीकडून पोरीनं काहीतरी विचारलं. आशाबाईनं शेखरकडे पाठ केली, पण शेड लहान होती. त्याला ऐकू आलंच.

"काहून म्हंजे? नाही व, सायेबाले काहून नावं ठेवतं? त्याह्यले तं सारं येते. इथल्या जागाच भरल्या."

हे उत्तर तिला कोणी शिकवलं नव्हतं.