काठ

बाहत्तरच्या दुष्काळात मेडशीजवळचा तलाव आटून भेगाळला होता. तरी भागिरथाच्या घरामागचा काठ, लाटा आपटाव्या तसा, रोज ढासळत होता.

"उंदरं पोखरत असतीन," नवरा देवमन म्हणाला. "तू कायले भेऊन राह्यली?"

भागिरथानं काठाची माती उचलली. ती ओली होती. तिनं जिभेला लावून पाहिली आणि थुंकली.

"मंग हे मीठ कोणत्या उंदरानं कालवलं? पाहा तुमीच चाखून."

देवमननं चाखलं आणि तोही थुंकला.

दुपारी काठाचा मोठा लपका सुटला, थेट भिंतीच्या पायथ्यापर्यंत. आत झोळीत तान्ही लेक निजली होती. भागिरथानं धावत जाऊन तिला उचललं.

लेक कोरडी होती. फक्त पावलं ओली होती, आणि अजून जमिनीला न लागलेल्या त्या तळव्यांना बारीक वाळू चिकटली होती.