चार बोटांचं अंतर

"उद्या स्पर्धेत हात लावलात तर पोरीला शून्य मिळेल," मदतनीस बाई म्हणाल्या. प्रशिक्षकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. समोर त्याच्या लेकीने हात वर घेतले, गुडघे वाकवले आणि हवेत मागे कोलांटी घेतली. त्याचा उजवा हात नेहमीप्रमाणे पाठीखाली होताच. ती दोन्ही पायांवर नीट उतरली.

दोन वर्षांपूर्वी त्याने घाई केली होती. सरावात कंबरेला बांधलेला आधाराचा पट्टा काढला, की आधी दोन हात द्यायचे, मग एक. त्याने लेकीला थेट मोकळं सोडलं आणि पोर मनगटावर आपटली. हाड मोडल्याचा आवाज अजून त्याच्या कानात होता. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. एका वेळी एकच आधार कमी करायचा, तोही इतका थोडा की शरीराला पत्ता लागू नये. सगळ्या व्यायामशाळेला हा धडा तोंडपाठ होता. स्वतःच्या लेकीचा शेवटचा आधार मात्र त्याला काढवत नव्हता. स्पर्धेतून तिचं नाव मागे घ्यायचं, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

"अजून माझ्या हातावर वजन येतंय," तो म्हणाला. "आणि हा ढगळ टीशर्ट कशाला? पाठ दिसत नाही." टीशर्टवरून तो महिनाभर तिच्या मागे लागला होता.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी आत्ताच टिपलेली उडी मोबाईलवर संथ करून त्याच्यापुढे धरली. लेक सरळ वर गेली, गुडघे छातीशी आले, कंबर फिरली. खाली त्याचा तळहात, वर तिची पाठ, मध्ये वीतभर मोकळी जागा. तळहाताला लागत होता तो लोंबता टीशर्ट.

तो गादीवर बसला. त्याने जुन्या उड्या बघायला मागितल्या. मागच्या आठवड्यातही तेच. महिन्यापूर्वी चार बोटांचं अंतर होतं. इतके दिवस पोर बिनआधाराची उलटत होती आणि बापाला गंधही नव्हता.

"सांगितलं का नाहीस?" त्याने लेकीला विचारलं.

लेक शेजारी येऊन बसली. "एकदम सोडलं असतं तर तुम्ही घाबरला असता, बाबा. म्हणून आधी चार बोटं वर गेले, मग वीतभर. आता तुमचा टीशर्टचा आधार तेवढा काढायचा राहिलाय."